तयारी स्लॅबच्या दिवशीची

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा देशाच्या अधिकृत भूकंप-नकाशात लातूर-उस्मानाबादचा हा पट्टा सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात होता. त्या नकाशावर विसंबून कोणी घर बांधले असते तर त्याला भूकंपाचा विचार करण्याचे फारसे कारण नव्हते. भूकंप ६.२ रिश्टरचा होता आणि त्यात जवळपास आठ हजार माणसे गेली. पाव शतक आधी, ११ डिसेंबर १९६७ ला, कोयनेलाही असेच झाले होते. दख्खनचे पठार म्हणजे न हलणारा कातळ, ही समजूत तेव्हा पक्की होती. ६.३ रिश्टरच्या धक्क्याने सुमारे १८० माणसांचा बळी घेतल्यावर कोयनेचा परिसर नकाशात वरच्या क्षेत्रात गेला. १९६२ पासून हा नकाशा १९६६, १९७०, १९८४ आणि २००२ असा बदलत आला. २००२ मध्ये पहिले क्षेत्रच रद्द झाले, म्हणजे ‘इथे धोका नगण्य’ असे सांगण्याची सोय सरकारने स्वतःच काढून घेतली. त्या मांडणीत कोयना परिसर चौथ्या क्षेत्रात, मुंबई, पुणे, नाशिक, सोलापूर आणि पणजी तिसऱ्या क्षेत्रात, तर नागपूर दुसऱ्या क्षेत्रात आले. देशाची सुमारे ५९ टक्के जमीन मध्यम ते तीव्र धोक्याची मानली गेली. नकाशात पुढेही फेरबदल होत राहतील. अभियंत्याला आराखड्यासाठी तो लागतोच. पण घरमालकाने तो वाचताना एवढे ध्यानात ठेवावे की आजवर कुठे काय झाले याची नोंद त्यात बरीच आहे आणि उद्याची हमी अजिबात नाही.

धोका किती, हे केवळ रिश्टरच्या आकड्यावरूनही ठरत नाही. २०१० च्या जानेवारीत हैतीला ७ रिश्टरचा भूकंप झाला आणि लाखाहून अधिक माणसे मेली. पुढच्याच महिन्यात चिलीला ८.८ रिश्टरचा, म्हणजे हैतीच्या सुमारे पाचशे पट ऊर्जेचा भूकंप झाला आणि त्सुनामीचे बळी धरूनही मृतांचा आकडा सव्वापाचशेच्या आसपास राहिला. केंद्राची खोली, वस्तीपासूनचे अंतर, जमिनीचा प्रकार यांचा त्यात वाटा आहेच. तरी एवढी तफावत त्यातून निघत नाही. चिलीत दशकानुदशके बांधकामाचे नियम खरोखर पाळले जात होते आणि हैतीत ते नव्हतेच, हे त्यामागचे मोठे कारण. किल्लारीत मृत्यू आला तो मातीत बसवलेल्या, दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंतींमधून आणि माळवदावर वर्षानुवर्षे चढत गेलेल्या मातीच्या थरांमधून. त्या भिंती बाहेरून भक्कम दिसत. प्रत्यक्षात आतला एक पदर, बाहेरचा एक पदर आणि मध्ये चिपा-मातीचे भरण, अशी त्यांची रचना होती आणि दोन पदरांना जोडणारे आरपार दगड नव्हते. हादरा बसताच पदर सुटले. काही ठिकाणी खणाचा लाकडी सांगाडा उभा राहिला आणि त्याच्याभोवतीची भिंत तेवढी ढासळली. झोपेतल्या माणसाला उठून बाहेर पडण्याइतका वेळ मिळालाच नाही. त्या पहाटे कोणी कितीही कवायती केलेल्या असत्या तरी फरक थोडाच पडला असता, कारण जगण्या-मरण्याचा निर्णय ती भिंत रचली गेली त्या दिवशीच झालेला होता. भूकंपाच्या तयारीबद्दल या लेखात जे सांगायचे आहे ते सगळे यातून निघते. तयारीचा मोठा भाग घर बांधताना, विकत घेताना आणि दुरुस्त करताना होतो. धक्क्याच्या वेळी काय करावे याचा क्रमांक त्यानंतरचा.

मग सरकारी धोरण काय करते? कागदावर पाहिले तर आपण मागे नाही. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, त्यातून आलेले राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, भूकंपासाठी २००७ मध्ये काढलेली स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे, २००९ चे राष्ट्रीय धोरण, २०१६ ची आणि नंतर २०१९ मध्ये सुधारलेली राष्ट्रीय योजना, अशी मोठी मांडणी आहे. २००७ च्या तत्त्वांनी सहा खांब सांगितले: नवी बांधकामे भूकंपरोधक करणे, महत्त्वाच्या जुन्या इमारती निवडून मजबूत करणे, नियमांची अंमलबजावणी, लोकजागृती, मनुष्यबळ तयार करणे आणि आपत्तीनंतरचा प्रतिसाद. क्रमही बरोबर आहे. बांधकाम पहिले, बचावकार्य शेवटचे. मानकेही आहेत. आयएस १८९३ भूकंपाचे बल किती धरायचे ते सांगते, आयएस १३९२० काँक्रीटमधल्या सळयांची रचना सांगते, आयएस १३८२८ दगड-मातीसारख्या कमी मजबुतीच्या बांधकामासाठी आहे. गंमत म्हणा की दैव, हे शेवटचे मानक निघाले तेही १९९३ सालीच. अडचण खालच्या पायरीवर आहे. बांधकाम परवानगी देते ती नगरपालिका किंवा महापालिका. तिथे नकाशासोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरचे प्रमाणपत्र जोडले जाते आणि बहुतेक वेळा त्या प्रमाणपत्रामागचे गणित तपासायला कोणी नसते. खेड्यात तर गवंडी हाच इंजिनिअर. त्यात भर अनधिकृत बांधकामे दंड भरून नियमित करण्याची. आपल्याकडे २००१ चा गुंठेवारी कायदा आला आणि पुढे तो २०२० च्या डिसेंबरपर्यंतच्या बांधकामांना लागू केला गेला. डोक्यावरचे छत कायदेशीर व्हावे ही गरिबाची गरज खरी आहे आणि तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण दंडाची पावती मिळाल्याने खांबातल्या सळया वाढत नाहीत. तुर्कस्तानने २०१८ मध्ये शुल्क घेऊन लाखो बांधकामे अशीच नियमित केली. २०२३ च्या फेब्रुवारीत तिथे पन्नास हजारांहून अधिक माणसे ढिगाऱ्यांखाली गेली, तेव्हा या माफीवर देशभर प्रश्न विचारले गेले. नियमित करताना इमारतीच्या मजबुतीची तपासणी सक्तीची करावी, ही मागणी आपल्याकडेही व्हायला हवी, आणि ती त्या वस्तीतल्या लोकांनी स्वतःच्या जिवासाठी करायला हवी.

इथे एक आक्षेप नेहमी येतो. विज्ञान एवढे पुढे गेले, मग भूकंप आधी कळत कसा नाही, आणि कळणार असेल तर घरावर खर्च कशाला? भाकिताचा इतिहास बोलका आहे. १९७५ मध्ये चीनमधल्या हायचेंगला आधी छोटे धक्के बसले, लोकांना बाहेर काढले गेले आणि पुष्कळ जीव वाचले. पुढच्याच वर्षी तांगशानला काहीही सूचना मिळाली नाही आणि अडीच लाखांच्या आसपास माणसे मेली. दिवस, ठिकाण आणि तीव्रता सांगणारी खात्रीची पद्धत आजही कोणाकडे नाही, त्यामुळे व्हॉट्सअॅपवर ‘आज रात्री मोठा धक्का’ असा निरोप आला तर तो पुढे न पाठवणे हीच शहाणपणाची गोष्ट. पूर्वसूचना यंत्रणा वेगळी. ती भूकंप सुरू झाल्यावर पहिल्या सौम्य लहरी पकडते आणि मागून येणाऱ्या जोरदार लहरी पोहोचण्याआधी काही सेकंद इशारा देते. जपान आणि मेक्सिकोला तिचा उपयोग होतो, कारण तिथे केंद्र अनेकदा शहरापासून दूर असते. किल्लारीसारखा भूकंप पायाखालीच झाला तर इशारा आणि हादरा यांत अंतर उरत नाही. दुसरी एक समजूत कोयनेच्या आणि पालघरच्या लोकांना अनेकदा सांगितली जाते: छोटे धक्के बसतात ते बरेच, जमिनीतली ऊर्जा निघून जाते. हिशोब करून पाहा. एका अंकाच्या फरकाला ऊर्जा सुमारे ३२ पट होते, म्हणजे ६ रिश्टरच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा निघायला ३ रिश्टरचे जवळजवळ ३२ हजार धक्के लागतील. डहाणू-तलासरीत २०१८ च्या नोव्हेंबरपासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, लोक थंडीत बाहेर झोपले. किल्लारीतही १९९२ मध्ये अशी मालिका होऊन गेली होती. अशा प्रत्येक मालिकेनंतर मोठा भूकंप येतोच असे मुळीच नाही. पण धक्के बसू लागले की तंबूंइतकीच भिंतींच्या दुरुस्तीची चौकशी व्हायला हवी, आणि ती क्वचितच होते.

आता खेड्यातल्या दगड-मातीच्या किंवा विटांच्या घराकडे येऊ, कारण सर्वांत कमी पैशात सर्वांत जास्त फरक इथेच पडतो. नवे घर बांधत असाल तर गवंड्याशी तीन गोष्टी आधीच ठरवा आणि ठेक्याच्या कागदावर लिहून घ्या. पहिली, आडवे पट्टे. जोत्यावर, लिंटेलवर आणि छत हलके असेल तर छताखाली, चारही भिंतींवरून अखंड फिरणारा काँक्रीटचा पट्टा, किमान तीन इंच जाडीचा आणि निदान दोन सळयांचा. मोळीला जसा दोर, तसा हा पट्टा भिंतींना एकत्र धरतो. तो फक्त खिडकी-दारांच्या डोक्यावर टाकून मध्ये तोडला तर उपयोग संपला. एकच पट्टा परवडत असेल तर तो लिंटेलच्या पातळीचा करा. दुसरी गोष्ट, आरपार दगड, ज्यांना गवंडी हेडर म्हणतात. उंचीच्या दर दोन फुटांना आणि आडवे जास्तीत जास्त चार फुटांवर असा एक दगड हवा, आणि भिंत दीड फुटापेक्षा जाड नको. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, हा समज किल्लारीने खोटा पाडला. लांब दगड मिळत नसेल तर त्या मापाचा सळई घातलेला काँक्रीटचा ठोकळा चालतो. तिसरी गोष्ट, दारे-खिडक्या कोपऱ्यापासून निदान दोन फूट दूर आणि कोपऱ्यांत जोत्यापासून छतापर्यंत उभी सळई. जुने घर असेल तरी काही करता येते. माळवदावरची जादा माती उतरवून पातळ थर आणि त्याखाली प्लास्टिकचा कागद ठेवला तर गळतीही थांबते आणि डोक्यावरचे वजन घटते. खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरपे टेकू देता येतात, भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरून दोन पदर शिवता येतात. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या कर्जातून जे काम झाले त्यात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्याची चर्चा खूप झाली. पण त्याच प्रकल्पात जागेवरच दुरुस्त आणि मजबूत केलेल्या घरांची संख्या दोन लाखांच्या आसपास होती आणि त्या कामात गावोगावच्या महिला गटांनी माहिती पोहोचवण्याचे आणि कामावर लक्ष ठेवण्याचे काम केले. आपल्या गावासाठी घेण्यासारखा धडा पुनर्वसनापेक्षा याच भागात जास्त आहे.

या खर्चावर लोक कुरकुरतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. ज्याचे पीक दर दोन वर्षांनी दुष्काळाने किंवा गारपिटीने जाते, त्याने शतकात एकदा येणाऱ्या संकटासाठी पैसे का घालावेत? नव्या घराला पट्टे आणि कोपऱ्याच्या सळया यांचा वाढीव खर्च एकूण खर्चाच्या काही टक्केच असतो, हे एक उत्तर. मला त्याहून पटणारे उत्तर वेगळे आहे. काळ्या मातीत पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात आकसते, जोते वाकडे बसते आणि भिंतींना तडे जातात. जोत्याचा अखंड पट्टा त्यालाही आवर घालतो. दर पावसाळ्यात भिंत पडून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात, त्या भिंतींनाही हेच औषध. म्हणजे भूकंप आपल्या हयातीत आला नाही तरी पैसे वसूल होतात. किल्लारीनंतर दगडाचीच भीती बसली आणि लोक सिमेंट-विटांकडे, पत्र्याकडे वळले, तेही तपासून पाहण्यासारखे आहे. दगडाचा दोष नव्हता, जोडणीचा होता. सळई नसलेली विटांची भिंतही तशीच पडते. आणखी एक खबरदारी: मूळ घराला पट्टे असतात आणि दहा वर्षांनी जोडलेल्या खोलीला नसतात. वाढीव खोली स्वतंत्र चार भिंतींची बांधा किंवा जुन्या पट्ट्याला जोडून घ्या.

तालुक्याच्या गावात स्वतःच्या प्लॉटवर कॉलम-बीमचे घर बांधणाऱ्यांचे प्रश्न निराळे. सळया आहेत, सिमेंट आहे, म्हणजे घर पक्के, असे इथे धरून चालतात. काँक्रीटच्या खांबाची भूकंपातली ताकद बरीचशी उभ्या सळयांना बांधून ठेवणाऱ्या रिंगांमध्ये असते. रिंगेची टोके काटकोनात नुसती वळवलेली असतील तर हादऱ्यात ती उघडतात आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. टोके १३५ अंशांत वळून खांबाच्या आत घुसलेली हवीत. खांबाच्या वरच्या आणि खालच्या टोकापाशी रिंगांचे अंतर चार इंचांहून जास्त नको. मध्यभागी ते थोडे वाढले तरी चालते. कारागीर नेमके याच्या उलट करतात, कारण सांध्यापाशी सळयांची दाटी असते आणि तिथे रिंग बसवणे कटकटीचे असते. सांध्याच्या आतही, म्हणजे बीम आणि कॉलम जिथे एकमेकांत घुसतात तिथे, रिंगा चालू राहायला हव्यात. काँक्रीट ओतल्यावर यातले काहीच दिसत नाही. म्हणून स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी इंजिनिअरला प्रत्यक्ष बोलवा, सळयांचे फोटो काढून ठेवा, आणि त्याची फी वाचवू नका. स्लॅबच्या दिवशी गडबड असते, मजुरांना संपवून जायचे असते, आणि काँक्रीट पटकन पसरावे म्हणून त्यात पाणी वाढवले जाते. त्या एका सवयीने चांगल्या सिमेंटचा पैसा वाया जातो. त्या दिवशी घरातल्या कोणीतरी मिक्सरजवळ उभे राहावे, नारळ फोडून जेवणाच्या तयारीला लागू नये. पुढचे दहा-पंधरा दिवस खांबांवर ओली पोती गुंडाळून पाणी मारणे हेही त्याच हिशोबात धरा. स्लॅबवर पाण्याचे आळे सगळे करतात, खांब मात्र कोरडे राहतात.

शहरात फ्लॅट घेणाऱ्याच्या हातात सळई नसते, पण प्रश्न असतात. २६ जानेवारी २००१ चा ७.७ रिश्टरचा भूकंप कच्छमध्ये झाला; मृतांचा आकडा १३,८०० च्या आसपास गेला. भूकंपकेंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेतही अनेक बहुमजली इमारती कोसळल्या आणि सातशेहून अधिक माणसे मेली. त्यांतल्या पुष्कळ इमारतींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. वरच्या मजल्यांना भिंतींचा ताठपणा असतो, खाली नुसते खांब; हादऱ्याचा सगळा वाक त्या एका मजल्यात गोळा होतो. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, कुठल्याही शहरातल्या गेल्या चाळीस वर्षांतल्या इमारती पाहा, स्टिल्ट पार्किंग सगळीकडे आहे. ते असले म्हणजे इमारत वाईट असे नव्हे. मोकळ्या मजल्याचे खांब त्यासाठी खास आखलेले असतील किंवा ठिकठिकाणी काँक्रीटच्या भिंती असतील तर ती सुरक्षित असू शकते. म्हणून बिल्डरला विचारायचे ते हे: मोकळा तळमजला धरून आराखडा केला आहे का, रिंगांची रचना आयएस १३९२० प्रमाणे आहे का, स्ट्रक्चरल इंजिनिअर कोण. टाइल्स कुठल्या कंपनीच्या, हे विचारणारे शंभर असतात आणि हे विचारणारा एखादा. रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत रचनेतला दोष दिसला तर बिल्डरने तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. चिलीत हीच जबाबदारी दहा वर्षे राहते. जुन्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनी असेल तर तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करण्याची तरतूद आहे. बहुतेक ऑडिट गळती, गंजलेल्या सळया आणि प्लॅस्टर इथेच थांबते. काम देतानाच ‘भूकंपाच्या भारासाठी तपासणी’ हे शब्द पत्रात घाला, नाहीतर तो भाग होणार नाही. ‘पुनर्विकास होणारच आहे, आता कशाला खर्च’ हे वाक्य प्रत्येक सर्वसाधारण सभेत ऐकू येते. पुनर्विकास दोन वर्षांत होईल की पंधरा, कोणालाच माहीत नसते. तळमजल्याच्या खांबांना जॅकेटिंग करणे किंवा काही गाळ्यांत काँक्रीटची भिंत घालणे हे काम रंगकामापेक्षा महाग असले तरी इमारत पाडण्याची गरज त्याला नसते. आणि काही गोष्टींना पैसे लागतच नाहीत: तळमजल्याच्या दुकानदाराने खांब तासू नये, कोणी हॉल मोठा करण्यासाठी बीमला हात लावू नये, गच्चीवर बेहिशोबी टाकी किंवा वाढीव खोली चढू नये.

एवढे झाल्यावर घराच्या आतल्या तयारीचे महत्त्व उरते, आणि ते फार वेळ घेणारे नाही. उंच लोखंडी कपाट आणि पुस्तकांची मांडणी भिंतीला ब्रॅकेटने आवळा, पलंगाच्या डोक्यावर माळ्यावरचे पितळी हंडे ठेवू नका, गॅसचा रेग्युलेटर कसा बंद करायचा ते घरातल्या सगळ्यांना दाखवा. दगड-मातीच्या घरात खाट भिंतीपासून सरकवून ठेवा. धक्क्याच्या वेळचा सल्ला मात्र घर पाहून द्यावा लागतो. काँक्रीटच्या इमारतीत वरच्या मजल्यावर असाल तर धावू नका. जिना हा इमारतीचा कच्चा दुवा असतो आणि लिफ्ट तर सापळाच. खाली बसा, भक्कम टेबलाखाली शिरा, त्याचा पाय घट्ट धरा, टेबल नसेल तर आतल्या भिंतीलगत डोके झाकून बसा. दाराच्या चौकटीत उभे राहण्याचा जुना सल्ला आता कोणी देत नाही. बैठ्या, दगड-मातीच्या घरात दार चार पावलांवर असेल तर बाहेर मोकळ्या जागी जाणे बरे, कारण तिथे टेबलावर अख्खी भिंत येणार. पण बाहेर म्हणजे बोळ नव्हे. २००१ मध्ये अंजारला प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतली शाळकरी मुले अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या घरांखाली सापडली. धक्का थांबल्यावर तडे गेलेल्या घरात सामान आणायला परत जाऊ नका, मागून येणारे धक्के कमजोर झालेली भिंत पाडतात. विम्याचेही पाहून ठेवा. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांची ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे आणि तिच्यात भूकंप धरलेला आहे. रक्कम ठरवताना फ्लॅटचा बाजारभाव धरायचा नसतो, पुन्हा बांधायला येणारा खर्च धरायचा असतो, म्हणून हप्ता वाटतो त्यापेक्षा कमी बसतो.

राहिल्या सार्वजनिक इमारती: शाळा, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामपंचायत. ‘हे तरी सरकारचे काम आहे ना’, असे कोणी म्हणेल तर ते खरेच आहे. पण सरकारचा पैसा कुठे जातो ते पाहा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीतला ८० टक्के भाग प्रतिसादाला आणि २० टक्के भाग आधीच्या उपायांना, सरकारी भाषेत सौम्यीकरणाला, राखून ठेवला. आधीच्या उपायांसाठी वेगळा वाटा ठेवला हे पाऊल पुढचेच आहे. मात्र हा वाटा मागणाऱ्यांत पूर, वीज, दरड असे अनेक असतात आणि जिथून मागणी येत नाही तिथे तो जात नाही. नेपाळमध्ये २०१५ चा भूकंप शनिवारी दुपारी झाला, शाळांना सुट्टी होती. हजारो वर्ग कोसळले, पण रिकामे. त्याच काठमांडूच्या खोऱ्यात आधी मजबूत करून घेतलेल्या शाळा उभ्या राहिल्या. शनिवारच्या सुट्टीवर धोरण बांधता येत नाही. तुमच्या गावातल्या शाळेची इमारत कधी बांधली, तिच्या भिंतींना लिंटेलचा पट्टा आहे का, शेवटची स्ट्रक्चरल तपासणी कधी झाली आणि त्या अहवालावर पुढे काय झाले, हे चार प्रश्न माहितीच्या अधिकारात जिल्हा परिषदेच्या शिक्षण आणि बांधकाम विभागाला विचारता येतात. उत्तर ‘तपासणी झालेली नाही’ असे आले, तर तेही उपयोगी आहे. ते ग्रामसभेपुढे ठेवून तपासणीची मागणी करणारा ठराव घ्या आणि त्याची प्रत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा. पत्रात शाळेचा पट किती आणि भिंती कशाच्या, हे पहिल्या दोन ओळींत लिहा. आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.